यंत्राला भाषा देणाऱ्या ग्रेस हॉपर

प्रास्ताविक

बँकेच्या खिडकीपाशी, रेल्वेच्या आरक्षण केंद्रात किंवा विजेचे देयक भरताना आपली संगणकाशी गाठ पडते. हे यंत्र क्षणार्धात हिशेब करते, म्हणून ते फार हुशार आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात संगणकाला स्वतःची बुद्धी नसते. कोणते काम, कोणत्या क्रमाने करायचे हे त्याला पायरीपायरीने सांगावे लागते. अशा सूचनांच्या क्रमवार मांडणीला आज्ञावली किंवा प्रोग्राम असे म्हणतात आणि ती लिहिणाऱ्या व्यक्तीला प्रोग्रामर म्हणतात.

प्रोग्रामरला रोज काही प्रश्न पडतात. माझी आज्ञावली चालत का नाही? चूक नेमकी कोठे आहे? एकदा लिहिलेला भाग पुन्हा वापरता येईल का? एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर चालेल का? मी लिहिलेले उद्या दुसऱ्याला समजेल का? हे प्रश्न आजचे वाटत असले, तरी ते पहिल्या संगणकाइतकेच जुने आहेत. ज्यांनी या प्रश्नांना पहिल्यांदा तोंड दिले आणि त्यांची उत्तरे शोधली, त्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या जीवनाचा परिचय या पाठात आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• ग्रेस हॉपर यांच्या जीवनातील प्रमुख घटना सांगू शकाल.
• संगणकाची भाषा आणि माणसाची भाषा यांतील अंतर त्यांनी कसे कमी केले, हे स्पष्ट करू शकाल.
• अपयश व वय यांच्याकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत ती सर्वांत थोरली. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची मनापासून आवड होती. परंतु मुलींनी उच्च गणित शिकावे असा तो काळ नव्हता. आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलीच्या रूपाने पूर्ण व्हावी, असे तिला वाटत असे. पुढे आजारपणामुळे वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. आपल्या पश्चात मुलींना कोणावर अवलंबून राहावे लागू नये, मुलाप्रमाणेच मुलींनाही पूर्ण शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह होता.

ग्रेस लहानपणापासूनच चौकस. सात वर्षांची असताना तिला घड्याळाचा गजर कसा वाजतो याचे कुतूहल वाटले. तिने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जुळवता येईना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातील सात घड्याळांचे सुटे भाग तिच्यापुढे पसरले. आईने तिला रागावून गप्प केले नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढीच अट तिने घातली. वस्तू मोडली म्हणून शिक्षा झाली असती, तर कदाचित ते कुतूहल तेथेच विझले असते.

सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हासार या महिला महाविद्यालयात प्रवेशासाठी परीक्षा दिली. लॅटिन भाषेत गुण कमी पडले आणि प्रवेश नाकारला गेला. तिने वर्षभर अभ्यास केला आणि दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळवला. १९२८ मध्ये तिने गणित व भौतिकशास्त्र या विषयांत पदवी संपादन केली. येल विद्यापीठातून १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये गणितातील डॉक्टरेट तिने मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकाशी तिचा विवाह झाला होता. १९३१ पासून ग्रेस हॉपर व्हासार महाविद्यालयातच गणित शिकवू लागल्या.

प्राध्यापकाची स्थिर नोकरी, मानाचे स्थान आणि आवडीचा विषय असे त्यांचे आयुष्य सुखाने चालले होते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली. ग्रेस यांचे पणजोबा नौदलात मोठे अधिकारी होते. आपणही नौदलात जावे, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. नौदलाने मात्र त्यांना नाकारले. त्यांचे वय जास्त होते. वजन नियमापेक्षा सुमारे सात किलोग्रॅम कमी होते. शिवाय गणिताच्या प्राध्यापकाने युद्धकाळात शिकवण्याचेच काम करावे, अशी सरकारची भूमिका होती. ग्रेस यांनी हार मानली नाही. वजनाच्या अटीतून त्यांनी सूट मिळवली, महाविद्यालयातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. आपल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींबरोबर त्यांनी कवायत केली, जहाजांची व विमानांची ओळख पाठ केली आणि प्रशिक्षणात पहिला क्रमांक पटकावला.

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड आयकेन यांच्या देखरेखीखाली 'मार्क-१' नावाचे एक अजस्र गणकयंत्र नौदलासाठी काम करीत होते. त्याची लांबी सुमारे १५ मीटर, उंची अडीच मीटर आणि वजन जवळजवळ पाच टन होते. त्यात साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग होते. हे यंत्र एका सेकंदात तीन बेरजा करी. भागाकाराला मात्र दहा-पंधरा सेकंद लागत. आजच्या साध्या भ्रमणध्वनीपुढेही हा वेग नगण्य आहे. पण त्या काळी हे आश्चर्यच होते. हे यंत्र ग्रेस यांनी पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. तरीही पहिल्याच दिवशी आयकेन यांनी त्यांच्यापुढे एक गणित ठेवले आणि ते सोडवण्यासाठी एका आठवड्याची मुदत दिली.

मार्क-१ ला सूचना द्यायच्या त्या कागदाच्या लांबलचक फितीवर छिद्रे पाडून. फितीच्या प्रत्येक ओळीत छिद्रांसाठी चोवीस जागा असत. त्यांचे आठ-आठ जागांचे तीन गट केलेले असत. संख्या कोठून घ्यायची, ती कोठे न्यायची आणि तिचे काय करायचे, एवढी माहिती त्या तीन गटांतून यंत्राला मिळे. एखादी क्रिया पुन्हा पुन्हा करायची असेल, तर फितीची दोन टोके चिकटवून तिचे कडे बनवले जाई. एक छिद्र चुकले, तरी सारे उत्तर चुके. युद्धामुळे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागे. ग्रेस आणि त्यांचे सहकारी कधीकधी रात्रीही यंत्राजवळच थांबत. त्या उन्हाळ्यात जॉन फॉन नॉयमन या विख्यात गणितज्ञांनी एक अतिशय किचकट समीकरण सोडवण्यासाठी आणले. त्याचा संबंध अणुबॉम्बशी होता, ही गोष्ट तेथे काम करणाऱ्यांना युद्धाच्या अखेरीसच कळली. यंत्र कोणाच्या हाती आहे व कोणत्या हेतूने चालते आहे, हे यंत्राला कळत नसते. ही जबाबदारी माणसाचीच असते.

आयकेन यांनी ग्रेस यांना यंत्राची माहितीपुस्तिका लिहिण्याचा आदेश दिला. त्यांनी पूर्वी एकही पुस्तक लिहिले नव्हते. पण नौदलात आज्ञा ती आज्ञाच! लिहून झालेली पाने त्या आयकेन यांना वाचून दाखवीत. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६१ पृष्ठांच्या या ग्रंथात संगणकाला सूचना देण्याची रीत प्रथमच इतक्या सविस्तरपणे मांडली गेली.

याच काळात एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काही छोटी कामे जवळजवळ प्रत्येक गणितात लागत. अशा कामांच्या तपासून घेतलेल्या सूचना सगळे सहकारी आपापल्या वह्यांत लिहून ठेवीत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. पण उतरवताना एखादे चिन्ह चुके, एखादी बेरीज चुके आणि नवी चूक शिरे. मग ग्रेस यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. न कंटाळता, न चुकता नक्कल करणे हे यंत्राचेच काम आहे, तर ते माणसाने का करावे? या प्रश्नाचे उत्तर सापडायला आणखी काही वर्षे जायची होती.

९ सप्टेंबर १९४७ रोजी 'मार्क-२' हे यंत्र बिघडले. शोध घेता एका विद्युत-खटक्यात अडकून मेलेला पतंग सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खरोखरीचा किडा सापडल्याची गमतीदार नोंद केली. इंग्रजीत किड्याला 'बग' म्हणतात. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत अभियंत्यांमध्ये एकोणिसाव्या शतकापासूनच होती, म्हणूनच त्या नोंदीला विनोदाची धार आली. तो पतंग ग्रेस यांनी स्वतः शोधला नव्हता. परंतु ही गोष्ट त्या आयुष्यभर रंगवून सांगत राहिल्या. ती नोंदवही आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात पतंगासह जपलेली आहे. प्रोग्राममधील चुका शोधून काढण्याच्या कामाला आजही 'डीबगिंग' असेच म्हणतात.

ही वर्षे ग्रेस यांना सोपी गेली नाहीत. १९४५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. युद्ध संपल्यावर त्यांनी नौदलाच्या नियमित सेवेत जाण्याची विनंती केली. ती वयाच्या कारणावरून फेटाळली गेली आणि त्यांना राखीव दलातच समाधान मानावे लागले. व्हासारने देऊ केलेले प्राध्यापकपद त्यांनी नाकारले होते आणि हार्वर्डमध्ये स्त्रीला कायम जागा मिळण्याची आशा नव्हती. तेथील मुदत १९४९ मध्ये संपली. कामाचा ताण आणि एकटेपणा यांमुळे त्या काही काळ मद्याच्या आहारी गेल्या, खचल्या. पण मित्रांनी त्यांची साथ सोडली नाही आणि त्यांनीही कामाची कास सोडली नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया शहरातील एकर्ट आणि मॉकली यांच्या संगणक कंपनीत रुजू झाल्या. तेथे 'युनिव्हॅक' हा नव्या पद्धतीचा, विक्रीसाठी तयार होणारा संगणक आकार घेत होता.

त्या कंपनीतील एका संगणकासाठी आठ अंकांच्या पद्धतीत आकडेमोड करावी लागे. आपण नेहमी दहाच्या पटीत मोजतो. त्या पद्धतीत आठाच्या पटीत मोजायचे. ग्रेस यांना ही पद्धत इतकी अंगवळणी पडली की, बँक खात्याचा हिशेब काही केल्या जुळेना. बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या भावाने तो तपासला, तेव्हा बाई अधूनमधून आठाच्या पद्धतीने वजाबाकी करतात, असे आढळून आले! माणसाने यंत्रासारखा विचार करण्यापेक्षा यंत्रालाच माणसाच्या जवळ आणले पाहिजे, हे त्यांना या अनुभवातून अधिकच पटले.

आता त्यांनी जुन्या प्रश्नाला हात घातला. वारंवार लागणाऱ्या सूचनांचे तपासलेले गट त्यांनी चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येक गटाला एक क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त क्रमांक लिहायचे. फितीवरून तो गट शोधणे, त्याची नक्कल करणे, त्यातील पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलणे आणि सारे गट एकत्र सांधून पूर्ण आज्ञावली तयार करणे हे काम संगणकच करू लागला. सूचनांचे असे संकलन करणाऱ्या या आज्ञावलीला त्यांनी 'कंपायलर' म्हणजे संकलक असे नाव दिले. १९५२ मध्ये त्यांनी ही कल्पना एका निबंधाद्वारे विद्वानांपुढे मांडली.

यात एक अडचण होती. कधीकधी संगणकाला आज्ञावलीच्या पुढच्या भागाकडे उडी मारायला सांगावे लागते. पण तो भाग अजून तयारच झालेला नसेल, तर त्याचा पत्ता कोठून द्यायचा? येथे ग्रेस यांना महाविद्यालयातील बास्केटबॉल आठवला. त्या वेळच्या मुलींच्या नियमांनुसार चेंडू घेऊन फार पुढे जाता येत नसे. म्हणून खेळाडू तो मैत्रिणीकडे टाकी, पुढे धावून मोक्याची जागा गाठी आणि मग तो परत घेई. ग्रेस यांनी तीच युक्ती योजली. संगणकाच्या स्मृतीत त्यांनी एक मधला कोपरा राखून ठेवला. आधी त्या कोपऱ्याकडे उडी मारायची. पुढचा भाग तयार झाला की, तेथे जाण्याची सूचना त्या कोपऱ्यात लिहायची. खेळाच्या मैदानावर शिकलेली गोष्ट अशी गणिताच्या उपयोगी पडली.

एवढे होऊनही लोकांचा विश्वास बसेना. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, तो आज्ञावली तयार करू शकत नाही, असेच सगळे म्हणत. ग्रेस मात्र पुढचे पाऊल टाकण्याच्या विचारात होत्या. व्यापारी कार्यालयांत हिशेब करणाऱ्या सामान्य माणसांना गणिती चिन्हे नकोशी वाटतात. त्यांना नेहमीच्या शब्दांत संगणकाशी बोलता आले पाहिजे, असे त्यांचे मत होते. कामाच्या तासांना मजुरीच्या दराने गुणावे, अशा साध्या वाक्यातून संगणकाला आज्ञा देता आली तर? नमुना म्हणून त्यांनी एक छोटी आज्ञावली इंग्रजी शब्दांत चालवून दाखवली. मग तीच फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. वरिष्ठ खूश होण्याऐवजी धास्तावले! अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा समजणे शक्यच नाही, असे त्यांना वाटले. यंत्राला कोणतीच भाषा समजत नाही, शब्द ही त्याच्या लेखी केवळ खूण असते आणि त्या खुणेशी कोणतीही क्रिया जोडता येते, हे पटवून देण्यात ग्रेस यांचे कित्येक महिने गेले. इंग्रजीच्या जागी मराठी शब्द योजले असते, तरी यंत्राच्या दृष्टीने काहीच फरक पडला नसता.

या प्रयत्नांतून 'फ्लो-मॅटिक' ही इंग्रजी शब्दांवर आधारलेली संगणकभाषा तयार झाली. परंतु तोवर अनेक कंपन्यांचे संगणक बाजारात आले होते आणि प्रत्येकाची भाषा वेगळी होती. नवा संगणक घेतला की जुन्या साऱ्या आज्ञावल्या निरुपयोगी ठरत. १९५९ मध्ये शासन, उद्योग आणि संगणक कंपन्या यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन सर्व यंत्रांवर चालणारी एक सामाईक भाषा घडवण्याचे ठरवले. तीच 'कोबोल' भाषा होय. ती एकट्या ग्रेस यांनी निर्माण केली नाही. जीन सॅमेट यांच्यासारख्या अनेकांचा तिच्या जडणघडणीत वाटा होता. ग्रेस सल्लागार होत्या. मात्र या भाषेचा मुख्य पाया त्यांची फ्लो-मॅटिक हाच होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर यशस्वीपणे चालवून दाखवण्यात आली. एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्यावर चालेल का, या प्रश्नाला होकारार्थी उत्तर मिळाले.

१९६६ च्या अखेरीस, वयाच्या साठाव्या वर्षी, नौदलाने त्यांना निवृत्त केले. त्यांना ते फार जिव्हारी लागले. पण अवघ्या सात महिन्यांनी नौदलाला त्यांची आठवण झाली. निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांवर कोबोलची निरनिराळी रूपे वापरात होती. त्यांत एकवाक्यता आणण्यासाठी त्यांना १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. मध्यंतरीचा थोडा काळ सोडला, तर ते सहा महिने सुमारे एकोणीस वर्षे चालले! या काळात त्यांनी भाषेचे प्रमाण रूप निश्चित करून ते तपासण्याच्या कसोट्या तयार करवून घेतल्या.

शिकवण्याची त्यांची हौस कधीच कमी झाली नाही. उपग्रहामार्फत संदेश जाण्यास वेळ का लागतो, असे सेनाधिकारी विचारीत, तेव्हा त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा तारेचा तुकडा त्यांच्या हाती देत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते. असे किती तुकडे उपग्रहापर्यंत जोडावे लागतील, याची कल्पना आली की प्रश्न आपोआप सुटे. त्यांच्या कार्यालयात उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ होते. वेळ मात्र ते अचूक दाखवी. एखादी गोष्ट नेहमी अशीच होत आली म्हणून ती तशीच व्हावी, हा विचार त्यांना मुळीच मान्य नव्हता.

१९८५ मध्ये त्यांना रिअर अॅडमिरल हा हुद्दा मिळाला. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टन येथे 'कॉन्स्टिट्यूशन' या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. त्या वेळी नौदलाच्या प्रत्यक्ष सेवेतील त्या सर्वांत वयोवृद्ध अधिकारी होत्या. त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत. एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून अखेरपर्यंत काम करीत राहिल्या. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे एका युद्धनौकेला त्यांचे नाव देण्यात आले आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर बहाल करण्यात आला.

त्यांच्या कार्याचा धागा आपल्या देशापर्यंतही येऊन पोहोचतो. जागा वाचवण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिले जात. २००० साल उजाडताच संगणक ते १९०० समजतील, ही भीती निर्माण झाली. त्या सुमारास जगभरातील जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करण्याचे मोठे काम भारतीय प्रोग्रामरांकडे आले. मुंबई, पुणे, बेंगळुरू येथील कित्येक तरुणांनी दुसऱ्यांनी, दुसऱ्या देशात, कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोबोल आज्ञावल्या वाचल्या, समजून घेतल्या आणि सुधारल्या. आज्ञावली ही यंत्राप्रमाणेच माणसालाही वाचता आली पाहिजे, हा ग्रेस यांचा आग्रह किती दूरदर्शी होता, हे त्यावरून दिसून आले.

लॅटिनमध्ये कमी पडलेले गुण, कमी भरलेले वजन, जास्त ठरलेले वय – प्रत्येक वळणावर ग्रेस हॉपर यांना नकार मिळाला. संगणकाची आज्ञावली पहिल्याच प्रयत्नात क्वचितच बरोबर चालते. चूक शोधायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवून पाहायची, हीच तिची रीत असते. ग्रेस हॉपर यांनी आपले आयुष्यही याच रीतीने घडवले.

शब्दार्थ

चौकस – जिज्ञासू
अजस्र – प्रचंड
नगण्य – अगदी क्षुल्लक
अंगवळणी पडणे – सवयीचे होणे
कास न सोडणे – चिकाटीने धरून राहणे
जिव्हारी लागणे – मनाला फार लागणे
एकवाक्यता – एकसारखेपणा, एकमत
मरणोत्तर – मृत्यूनंतर

पाठान्त प्रश्न

१. ग्रेसच्या आईने घड्याळांच्या प्रसंगी घातलेली अट कोणती? त्यातून आईच्या स्वभावाचा कोणता पैलू दिसतो?
२. नौदलाने ग्रेस हॉपर यांना प्रथम का नाकारले?
३. वह्यांतून सूचना उतरवून घेण्याच्या पद्धतीत कोणती अडचण होती? कंपायलरमुळे ती कशी दूर झाली?
४. फ्रेंच व जर्मन शब्दांतील आज्ञावली पाहून वरिष्ठ का धास्तावले? त्यांचा गैरसमज कोणता होता?
५. चहा करण्याची कृती अशा व्यक्तीसाठी क्रमवार लिहा, जिने चहा कधीच केलेला नाही. एकही पायरी गाळू नका. लिहून झाल्यावर ती दुसऱ्याला वाचायला द्या आणि चुका शोधा.
६. शिक्षण पुन्हा सुरू करताना तुम्हाला आलेल्या अडचणी व त्यांवर तुम्ही केलेली मात यांविषयी दहा ओळी लिहा.